तांत्रिक डॉक्युमेंटेशन आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा पक्षपात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि आसपासचे विद्यार्थी, नुकतेच नोकरीला लागलेले डेव्हलपर आणि डॉक्युमेंटेशन लिहिणारी मंडळी यांच्याकडून हे प्रश्न सतत येत असतात. सुरुवातीचे प्रश्न बहुतेक वाचणाऱ्यांचे आहेत, पुढचे लिहिणाऱ्यांचे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंगच वापरा.

१. ऑपरेटिंग सिस्टिमचा पक्षपात म्हणजे नेमकं काय?

लिहिणाऱ्याकडे जी सिस्टिम आहे तीच वाचणाऱ्याकडेही असणार असं धरून चालायचं, आणि ते कुठेही सांगायचं नाही. ‘टर्मिनल उघडा आणि ही कमांड द्या’ हे वाक्य मॅकवाल्याला पुरेसं असतं. विंडोजवाल्यापुढे कमांड प्रॉम्प्ट, पॉवरशेल आणि गिट बॅश असे तीन दरवाजे असतात आणि त्यातला कोणता उघडायचा हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ‘स्टेशनातून बाहेर पडलात की डावीकडे वळा’ असा पत्ता द्यावा आणि पूर्वेला उतरायचं की पश्चिमेला ते सांगूच नये, तसं हे. सांगणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून त्याला पत्ता पूर्ण वाटतो.

काही वेळा हा पक्षपात उघड असतो: विंडोजचा किंवा लिनक्सचा उल्लेखच नसतो. काही वेळा तो क्रमात असतो (प्रश्न ११), तर काही वेळा ‘विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) टाका’ एवढ्या एका ओळीत (प्रश्न ५).

२. ट्यूटोरियलमधली पहिलीच कमांड माझ्या लॅपटॉपवर चालत नाही. कोडिंग मला जमणारच नाही का?

जमेल. अडचण तुमच्यात नाही, सूचनेत आहे. पायथनचंच घ्या, कारण सर्वाधिक मुलं तिथेच अडतात.

ट्यूटोरियल ‘पायथन३’ लिहायला सांगतं. पायथनचा नेहमीचा इन्स्टॉलर वापरून बसवलेल्या विंडोजवर त्या नावाची कमांड सहसा नसते. ते टाइप केलं की बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट स्टोअरच समोर येतं. तिथे ‘पाय’ किंवा ‘पायथन’ लिहायचं. पुढची पायरी असते व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) चालू करण्याची. मॅक-लिनक्सवर ते ‘सोर्स’ लिहून ‘बिन’ फोल्डरमधल्या फाइलने होतं. विंडोजवर ‘बिन’ नसतंच, ‘स्क्रिप्ट्स’ असतं, आणि ‘सोर्स’ लागत नाही. हे शोधून काढलं तरी पॉवरशेल लाल अक्षरांत सांगतं की या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. हे विंडोजचं मूळ सेटिंग आहे. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. स्वतःच्या युजरपुरती एक्झिक्युशन पॉलिसी ‘रिमोट साइन्ड’ करा, किंवा सरळ कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथे काम करा.

आणखी दोन गोष्टी. ओळीच्या सुरुवातीला दिसणारं $ हे चिन्ह टाइप करायचं नसतं. ते यूनिक्सच्या, म्हणजे मॅक-लिनक्सच्या घराण्याच्या, प्रॉम्प्टचं चिन्ह आहे. आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलसाठी ‘एक्सपोर्ट’ दिलं असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सेट’ आणि पॉवरशेलमध्ये ‘$एन्व्ह:’ ने सुरुवात करायची.

चार ओळींत पाच अडथळे, आणि पानावर एकाचाही उल्लेख नाही. ज्याने कालच पायथन हे नाव ऐकलं, तो यातून एकच निष्कर्ष काढतो: हे आपलं काम नव्हे. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त हेच खटकतं.

३. लिहिणारे हे मुद्दाम करतात का?

नाही. सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतात, त्यामुळे डेव्हलपरच्या हाताला यूनिक्सच्या कमांडची सवय असते. बीकेसी किंवा पवईच्या अनेक ऑफिसांत कामावर रुजू होताच हातात मॅकबुक मिळतो. लिहिणारा स्वतःच्या टर्मिनलमध्ये चाललेल्या कमांड उचलतो आणि पानावर ठेवतो. वाचणारी मात्र नालासोपाऱ्याला घरातल्या सगळ्यांनी वापरलेल्या विंडोज लॅपटॉपवर बसलेली असते, किंवा लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या सेकंडहँड मशीनवर. स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक पाहणीत डेव्हलपरांमध्येही विंडोजच वर्षानुवर्षं पुढे राहिलेलं आहे. शिकणाऱ्यांची गोष्ट तर वेगळी सांगायलाच नको.

चूक टिकून राहण्याचं कारण असं की जो अडतो तो तक्रार करत बसत नाही. तो पान बंद करतो. लिहिणाऱ्यापर्यंत फक्त ‘छान लिहिलंय’ म्हणणारेच पोचतात.

४. ‘मॅक/लिनक्स’ असं एकत्र लिहिलेलं असतं. त्या दोन्हींत काहीच फरक नाही का?

आहे, आणि तो नको तेव्हाच वर येतो. ‘सेड’ ही कमांड फाइलमध्ये जागच्या जागी बदल करते. लिनक्सवरच्या ग्नू आवृत्तीत ‘-आय’ एवढं पुरतं. मॅकवरच्या बीएसडी आवृत्तीत त्यानंतर बॅकअपची जोडणी द्यावीच लागते, निदान रिकामे अवतरण तरी. लिनक्सवरून उचललेली ओळ मॅकवर चुकीचा अर्थ घेते आणि मॅकची लिनक्सवर. २०१९च्या कॅटलिनापासून मॅकचा मूळ शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) झेडशेल आहे, आणि सोबत येणारा बॅश अजून ३.२ म्हणजे २००६-०७च्या काळातलाच आहे, कारण त्यापुढच्या आवृत्त्यांचा जीपीएल-३ परवाना ॲपलने स्वीकारलेला नाही. बॅश ४मधल्या सोयी वापरणारी स्क्रिप्ट तिथे पडते. होमब्रू हे सॉफ्टवेअर बसवणारं टूलसुद्धा इंटेलच्या मॅकवर एका फोल्डरमध्ये बसतं आणि २०२०पासूनच्या एम-मालिकेतल्या मॅकवर दुसऱ्याच. कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक प्रश्न ८मध्ये आहे.

५. विंडोजवाल्यांना ‘डब्ल्यूएसएल टाका’ सांगितलं की काम भागतं ना?

काहींचं भागतं. २०१६ साली आलेली ही सोय खरोखर चांगली आहे, आणि विंडोज १०च्या २००४ या क्रमांकाच्या (सालाच्या नव्हे) आवृत्तीपासून ती एका कमांडने बसते. वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्याकडे १६ जीबी रॅमचं मशीन असेल तर मीही तेच सुचवीन.

पण हे उत्तर देताना काय काय गृहीत धरतो ते पाहा. ॲडमिनचा पासवर्ड हवा: कॉलेजच्या लॅबमध्ये आणि बँकांच्या ऑफिसांत तो मिळत नाही. डब्ल्यूएसएल २साठी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं. ४ जीबीच्या मशीनवर आतमध्ये आणखी एक लिनक्स चालवायचं म्हणजे ब्राउझर बंद करूनच बसायचं. विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवलेला प्रोजेक्ट डब्ल्यूएसएल २मधून संथ चालतो, म्हणून फाइल्स लिनक्सच्या बाजूला ठेवायला हव्यात. हे कोणीच सांगत नाही. यूएसबीला लावलेला आर्डुइनो तिथे आपोआप दिसत नाही. ज्या कामाला विंडोजवर दोन साध्या ओळी पुरल्या असत्या, त्यासाठी वाचणाऱ्याला दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम शिकायला लावणं हा आळस आहे. टूल विंडोजवर चालतच नसेल तर डब्ल्यूएसएल जरूर सांगा, पण कारणासकट.

६. कर्लची कमांड जशीच्या तशी कॉपी केली तरी चार-चार एरर येतात. असं का?

कर्ल म्हणजे टर्मिनलमधून सर्व्हरला विनंती पाठवणारं टूल, आणि पानावरची ती कमांड बॅश या मॅक-लिनक्सवरच्या शेलसाठी लिहिलेली असते. एपीआयच्या पानांवर ती साधारणपणे चार ओळींत मांडलेली असते, प्रत्येक ओळीच्या शेवटी \ आणि जेसनभोवती (पाठवायच्या डेटाभोवती) एकेरी अवतरण. आता हीच ओळ कमांड प्रॉम्प्टमध्ये चिकटवा. तिथे \ म्हणजे ‘पुढे चालू’ नव्हे, त्यासाठी ^ लागतं. म्हणून पहिली ओळ एकटीच धावते आणि उरलेल्या तीन ओळी तीन वेगळ्या कमांड समजल्या जातात. ‘अशी कोणतीही कमांड नाही’ हे तीनदा येतं ते त्यामुळे. एकेरी अवतरणाला तिथे अवतरण म्हणून काही किंमतच नाही, त्यामुळे जेसन पहिल्या स्पेसपाशी तुटतं.

पॉवरशेलमध्ये ओळ पुढे न्यायला बॅकटिक लागतं. शिवाय विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीत ‘कर्ल’ म्हणजे कर्ल नसतंच. ते ‘इन्व्होक-वेबरिक्वेस्ट’चं टोपणनाव असतं आणि हेडरच्या जागी वेगळंच काही मागतं. खरं कर्ल २०१८च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज १०मध्ये आहे; पॉवरशेलमधून ते हवं असेल तर नावापुढे ‘.ईएक्सई’ लावा. त्याच ५.१मध्ये दोन कमांड जोडणारं && सुद्धा चालत नाही; ते पॉवरशेल ७मध्ये आलं.

लिहिणाऱ्यांना विनंती: कमांड शक्य तितकी एका ओळीत ठेवा. जेसन वेगळ्या फाइलमध्ये द्या आणि कमांडमध्ये @सह फाइलचं नाव दुहेरी अवतरणात लिहा. अवतरणांचं निम्मं भांडण तिथेच संपतं.

७. मराठी मजकुराची फाइल माझ्या मित्राच्या मॅकवर उघडते, माझ्या विंडोजवर प्रोग्राम कोसळतो. फाइल खराब आहे का?

फाइल ठीक आहे. हा प्रश्न इंग्रजी डॉक्युमेंटेशनमध्ये क्वचितच भेटतो, कारण इंग्रजी मजकुराला तो जाणवतच नाही. त्रास आपल्यालाच होतो, म्हणून जरा सविस्तर.

पायथनला फाइल उघडायला सांगताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) दिलं नाही, तर ते सिस्टिमचं घेतं. मॅक-लिनक्सवर ते यूटीएफ-८ असतं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते सहसा कोडपेज १२५२ असतं, ज्यात देवनागरीचा मागमूस नाही. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (अक्षर, काना, उकार, हलन्त) तीन बाइटांचं. कोडपेज १२५२ ते तीन सुटे युरोपीय वर्ण समजून वाचतं. पण त्या कोडपेजमध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, आणि र्‍हस्व उकाराचा शेवटचा बाइट नेमका त्यातल्या एका जागेवर पडतो, हलन्ताचा दुसऱ्या.

परिणाम असा: स्टेशनांच्या यादीत ‘दादर’ आणि ‘ठाणे’ असेल तर प्रोग्राम न कुरकुरता चालतो आणि पडद्यावर कचरा दाखवतो. ‘कुर्ला’ आला की उकारापाशी ‘कॅरमॅप’चा एरर देऊन कोसळतो. तीस नावांची यादी चालत होती आणि एकतिसावं नाव घातल्यावर अडलं, म्हणून लोक त्या एकतिसाव्या ओळीतच दोष शोधत बसतात.

उपाय सोपा आहे. फाइल उघडताना दर वेळी ‘एन्कोडिंग यूटीएफ-८’ लिहायचं. पायथन ३.१५पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग असेल असं ठरलेलं आहे, पण जुन्या आवृत्त्या कॉलेजांच्या मशीनवर पुढची कित्येक वर्षं राहणार. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ने सेव्ह करा, नाहीतर डबल क्लिक केल्यावर एक्सेल तोच घोळ घालतं. उदाहरणातला डेटा इंग्रजी असला तरी लिहिणाऱ्याने एन्कोडिंग द्यावं. ते एक आर्ग्युमेंट मॅकवर निरुपद्रवी आहे आणि इथे जीव वाचवतं.

८. माझ्या मशीनवर साइट चालते, सर्व्हरवर ‘फाइल सापडली नाही’. फाइल तर तिथेच आहे!

बहुतेक वेळा नावातलं एक अक्षर कॅपिटल असतं. विंडोज आणि मॅक मूळ सेटिंगमध्ये कॅपिटल-स्मॉल फरक मानत नाहीत, लिनक्स मानतं. दोघांच्या लॅपटॉपवर चालणारा कोड सर्व्हरवर पडतो तो यामुळे. नावं सगळी स्मॉलमध्ये ठेवा.

दुसरं कारण ओळीच्या शेवटचं. विंडोजवर ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, लिनक्सवर एकाने. विंडोजवर सेव्ह झालेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर पहिल्याच ओळीत अडखळते, कारण इंटरप्रिटरच्या नावाला ते जास्तीचं चिन्ह चिकटलेलं असतं. रिपॉझिटरीत (गिटमधल्या प्रोजेक्टच्या फोल्डरात) ‘गिटॲट्रिब्यूट्स’ फाइल ठेवून शेल स्क्रिप्टसाठी एलएफ, म्हणजे लिनक्सचं एकच चिन्ह, सक्तीचं करा. प्रत्येकाच्या गिट सेटिंगवर विसंबू नका.

९. माझ्या युजर फोल्डरच्या नावात स्पेस आहे. त्याने काही बिघडतं का?

बिघडू शकतं. नवीन लॅपटॉप सुरू करताना आपण हौसेने पूर्ण नाव घालतो, काही जण देवनागरीत, आणि मग अवतरणाशिवाय लिहिलेला प्रत्येक पाथ तिथे तुटतो. तोडगा: सी ड्राइव्हवर लहान इंग्रजी नावाचा फोल्डर करून प्रोजेक्ट तिथे ठेवा. पाथ लहान राहिल्याने विंडोजच्या २६० अक्षरांच्या जुन्या मर्यादेतूनही सुटका होते. लिहिणाऱ्यांनी उदाहरणातले पाथ नेहमी दुहेरी अवतरणात द्यावेत.

१०. आमच्या टीममध्ये सगळ्यांकडे एकाच प्रकारचा लॅपटॉप आहे. तिन्ही सिस्टिमवर तपासायचं कसं?

प्रोजेक्ट सार्वजनिक असेल तर गिटहब ॲक्शन्सवर विंडोज, उबंटू आणि मॅकओएस तिन्हींचे साधे रनर (कमांड चालवून देणारी दूरची मशीन) फुकट मिळतात. इन्स्टॉलेशनच्या पायऱ्या त्यांच्यावर जशाच्या तशा चालवून पाहा. लिनक्स आणि विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्येही तपासता येतात; मॅकओएसचा परवाना मात्र ॲपलच्या मशीनपुरताच आहे.

आणि तपासलंच नसेल तर तसं लिहा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाची एक सवय मला फार आवडते: पाठाच्या सुरुवातीलाच, हे रेकॉर्डिंग उबंटूच्या अमुक आवृत्तीवर आणि सॉफ्टवेअरच्या तमुक आवृत्तीवर केलं आहे, असं सांगतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आपला पडदा वेगळा का दिसतोय हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं आणि तो स्वतःला दोष देत नाही.

११. कोणती सिस्टिम आधी लिहावी?

तुमचे वाचक जास्त करून जी वापरतात ती. ती कोणती हे साइटच्या ॲनालिटिक्समध्ये दिसतं. पण मोबाइलवरून वाचणारे तिथे अँड्रॉइड म्हणून मोजले जातात हे विसरू नका. चर्चगेट लोकलमध्ये फोनवर वाचून घरी लॅपटॉपवर करून बघणारे आपल्याकडे भरपूर आहेत. क्रमापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे तिन्ही बाजूंना पूर्ण सूचना हव्यात. एका सिस्टिमला दहा पायऱ्या आणि दुसरीला ‘याचप्रमाणे करा’, असं नको.

१२. टॅब द्यावेत की वेगळी पानं?

फरक दोन-चार कमांडपुरता असेल तर टॅब. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या ट्यूटोरियलमध्ये कमांडच्या चौकटीवरच यूनिक्स आणि विंडोजचे टॅब आहेत, ते पाहा. डॉक्युसॉरस या डॉक्युमेंटेशनच्या साइट बनवणाऱ्या टूलमध्ये एकदा निवडलेला टॅब सगळ्या पानांवर लागू करता येतो. तेवढं जरूर करा, नाहीतर वाचणाऱ्याला प्रत्येक चौकटीत पुन्हा विंडोज निवडावं लागतं. इन्स्टॉलेशनच मुळात वेगळं असेल तर वेगळी पानं. जँगो गर्ल्सच्या ट्यूटोरियलमध्ये इन्स्टॉलेशनचे भाग सिस्टिमनुसार वेगळे आहेत आणि पहिल्यांदा शिकणाऱ्याला ते सोपं जातं. ब्राउझरवरून सिस्टिम ओळखून तेवढंच दाखवत असाल, तर बाकीच्यांची लिंक समोर ठेवा. फोनवर वाचणाऱ्याला अँड्रॉइडच्या सूचना नको असतात.

१३. स्क्रीनशॉट आणि शॉर्टकटचं काय?

शॉर्टकट दोन्ही द्या, कंट्रोल आणि कमांड. बटणाचं नाव मजकुरात लिहा, म्हणजे स्क्रीनशॉट वेगळा दिसला तरी माणूस हरवत नाही.

१४. उलटा पक्षपात नसतो का? आमच्या कॉलेजात तर सगळं विंडोजच धरून चालतं.

असतो, आणि आपल्याकडे तो वयाने मोठा आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये टर्बो सीच्या निळ्या पडद्याचे स्क्रीनशॉट, पाथ सी ड्राइव्हपासून सुरू. फोर्टमधल्या सीएच्या ऑफिसात टॅली चालतं, ते विंडोजवरच, त्यामुळे तिथे बाकी सूचनाही विंडोजच्याच. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेल्या जुन्या मशीनना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून काही जण त्यांवर लिनक्स मिंट टाकत आहेत. ही मुलं उद्या जर्नल उघडतील तेव्हा ‘सी ड्राइव्ह’ शोधत बसतील. प्रश्न २मधलं सगळं त्यांनाही उलट्या बाजूने लागू आहे.

१५. सॉफ्टवेअरच एका सिस्टिमचं असेल, तरी पक्षपात म्हणायचा का?

नाही. ॲपलचं कोड लिहायचं टूल एक्सकोड मॅकवरच चालतं; त्याच्या पानावर विंडोजच्या पायऱ्या मागण्यात अर्थ नाही. फक्त ते पहिल्या ओळीत सांगा. आठवी पायरी गाठल्यावर कळलं तर वाचणाऱ्याची संध्याकाळ गेलेली असते.

१६. डॉकर वापरलं की हा सगळा विषयच संपतो, बरोबर?

डॉकर प्रोग्रामला लागणारं सगळं एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, घालून चालवतं. त्या कंटेनरच्या आतला संपतो. कंटेनरमधून आपल्या मशीनशी बोलण्यासाठी डॉकर डेस्कटॉपवर ‘होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल’ हा पत्ता आयता मिळतो. लिनक्सवरच्या साध्या डॉकर इंजिनमध्ये तो आपोआप नसतो, २०.१० आवृत्तीपासून ‘होस्ट-गेटवे’ देऊन तो जोडावा लागतो. मॅकवर लिहिलेल्या कितीतरी कंपोज फाइल्स (डॉकरला काय चालवायचं ते सांगणाऱ्या) लिनक्सवर इथेच अडतात. लिनक्सवर जोडलेल्या फोल्डरमध्ये कंटेनरने बनवलेल्या फाइल्सची मालकी बऱ्याचदा रूटकडे (ॲडमिनकडे) जाते, हा आणखी एक ताप. विंडोजवर क्लोन केलेली सुरुवातीची स्क्रिप्ट प्रश्न ८मधल्या कारणाने ‘सापडत नाही’. आणि डॉकर डेस्कटॉपला रॅम लागतेच. ४ जीबीवाल्याचा प्रश्न तिथेच राहतो.

१७. चूक दिसली, पण माझं इंग्रजी जेमतेम. कळवायचं कसं?

तीन गोष्टी पुरतात: पानाची लिंक, तुमची सिस्टिम आणि शेल आवृत्तीसह, आणि आलेला एरर मजकूर म्हणून, फोटो म्हणून नव्हे. उपाय सापडला असेल तर तो चौथा. व्याकरणाकडे कोणी बघत नाही. विंडोजवर चाललेली एक ओळ पाठवलीत, तर ती पानावर येण्याची शक्यता लांबलचक तक्रारीपेक्षा जास्त असते.

१८. मी मराठीत भाषांतर करते. मूळ पानावर फक्त मॅकच्या पायऱ्या आहेत. मी विंडोजच्या घालू का?

आधी मूळ प्रकल्पात सुचवा. तिथे आल्या तर सगळ्याच भाषांना मिळतील आणि पुढच्या आवृत्तीत तुमची भर पुसली जाणार नाही. उत्तर येईपर्यंत मराठी पानावर ‘भाषांतरकाराची टीप’ म्हणून वेगळ्या चौकटीत द्या, कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिलं ते लिहून. न चालवलेली कमांड अंदाजाने घालू नका. एरर मेसेजचं भाषांतर दिलंत तरी मूळ इंग्रजी ओळ शेजारी ठेवाच, कारण वाचणाऱ्याला पडद्यावर तीच दिसणार आहे आणि शोधायलाही तीच लागेल.